जुन्या कागदावर नवं नाव

फोल्डर पुसायला गेलो, तर मशीननं कळवलं की प्रवेश नाकारण्यात आला आहे. कळवलं इंग्रजीत, पण तालुक्याच्या कृषी कार्यालयात एकतीस वर्षं टंकलेखक म्हणून बसलेल्या माणसाच्या डोक्यात असली वाक्यं उतरतानाच मराठीत उतरतात, आणि येताना 'उपरोक्त विषयान्वये' सोबत घेऊन येतात. मे महिन्यातले सकाळचे दहा वाजले होते. खामगावचं ऊन पडद्यातून पिवळं होऊन आत येत होतं, कूलरमध्ये दोन बादल्या ओतून झाल्या होत्या, आणि मी बनियनवर बसून नकार वाचत होतो. दुसऱ्यांदा क्लिक केलं. दुसऱ्यांदा नकार. मला चक्क अपमान झाल्यासारखं वाटलं, आणि मग तसं वाटल्याचंच नवल वाटलं. 'सबब नाकारण्यात येत आहे' हे शब्द मी इतक्या वेळा टाईप केले होते की शेवटी शेवटी ते मेंदूला न विचारता बोटांतून निघत. पण मला स्वतःला कुणी कधी काही नाकारलं नव्हतं. कारण सरळ होतं. मी कधी काही मागितलं नव्हतं. बदली मागितली नाही, बढती मागितली नाही, लग्नाची मागणीसुद्धा वडिलांनीच घातली होती. चोपन्नाव्या वर्षी, स्वेच्छानिवृत्तीच्या तिसऱ्या महिन्यात, मी पहिल्यांदा काहीतरी मागत होतो, आणि तेही काय, तर थोडी रिकामी जागा.

हे जुनं मशीन मी घेतलं ते बोटांमुळे. निवृत्त झाल्यावर बाकीचा देह आठवड्याभरात सरावला, बोटं सरावेनात. जेवताना ताटाच्या काठावर, एसटीत पुढच्या सीटच्या दांड्यावर, झोपेत बायकोच्या पाठीवर ती चालतच राहिली. सकाळी ती विचारायची, ''काल कोणाले पत्र पाठवलं? माही पाठ काय टपालपेटी हाय?'' त्याच सुमाराला फकीर मोहम्मद गेल्याचं कळलं. फकीर मोहम्मद आमच्या कार्यालयाच्या फाटकासमोर टिनाच्या टपरीत बसायचा आणि लोकांचे अर्ज टाईप करून द्यायचा. आधी टाईपरायटरवर, मग या मशीनवर. तो तक्रारी टाईप करायचा, मी उत्तरं. मध्ये एक रस्ता, एक कडुनिंब आणि एक आवक नोंदवही. आम्ही दोघं इथल्याच एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये एका मास्तरांच्या हाताखाली शिकलो होतो. मास्तर आमच्या हातांवर पुठ्ठ्याचं खोकं उपडं घालायचे, कळा दिसू नयेत म्हणून. न पाहता काम करायची सवय मला तिथूनच लागली आणि सरकारनं पुढे तिचा पगार दिला. तीस पावलांवर बसून फकीर मोहम्मद आणि मी पंधरा वर्षं एकमेकांशी पत्रव्यवहार केला असं म्हणता येईल; फक्त खाली सह्या दुसऱ्यांच्या असत. त्याची मुलगी महनूर अकोल्याला कॉलेजात शिकवते. तिनं टपरी उठवली, मशीन विकायला काढलं आणि मी घेतलं. का घेतलं, हे तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ओळखीचं होतं, एवढंच.

मलकापूरच्या दुकानदारानं विंडोज नवं टाकून दिलं होतं, पण डिस्क जुनीच, चाळीस जीबीची, आणि काठोकाठ भरलेली. बोटांच्या समाधानासाठी टाईप केलेली माझी दोन पानं साठवायची म्हटलं तरी ती म्हणे जागा नाही. म्हणून शनिवारपासून मी साफसफाई काढली होती. गाणी पुसली. लग्नपत्रिकांच्या वेलबुट्ट्या पुसल्या. एका कोपऱ्यात मराठी फॉन्टचा ढीग सापडला, शेकडो, जाडे, बारके, तिरपे, फ्लेक्सवरचे, पत्रिकेवरचे. बाराखडी एकच असताना एका माणसाला एवढी अक्षरं कशाला लागतात, असं म्हणून तोही पुसला आणि कचरापेटीसुद्धा रिकामी केली. सुबत्तेबद्दल मला पहिल्यापासून संशय आहे. राहिलं होतं ते 'फकीर' नावाचं एक फोल्डर. निम्मी डिस्क एकट्यानं अडवून बसलेलं, आणि ते हात लावू देत नव्हतं. महनूरला फोन केला.

''नाही पुसलं जाणार काका,'' ती म्हणाली. ''तुमच्या माणसानं विंडोज नवीन टाकलं ना. मशीनला वाटते, घरात दुसराच कोणी येऊन राह्यला, जुन्या माणसाची खोली उघडायची नाही. एफ-आठ दाबून सेफ मोडमधी चालू करा, फोल्डरवर राइट क्लिक, सिक्युरिटी, आणि मालक म्हणून तुमचं नाव टाका.''

''टाकू दिलं तर.''

''टाकू देते. कोणाला विचारत नाही ते.''

आणि खरंच विचारलं नाही. वडिलांच्या मागे सातबाऱ्यावर माझं नाव चढायला चार वर्षं आणि दोन तलाठी लागले होते. इथे एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे गेली आणि फकीर मोहम्मदच्या पंधरा वर्षांचा मी कायदेशीर मालक झालो. ना वारसाची चौकशी, ना हरकतीची मुदत. फोल्डर उघडलं. आत गावांची नावं होती, गावांत माणसांची. मी पुसायचं बटण शोधत होतो, तेवढ्यात महनूरचाच फोन परत आला.

''काका, एक राह्यलंच सांगायचं. आज पुसू नका. बोरखेडीच्या एक मावशी येतील तुमच्याकडं, सिंधूताई. मीच पत्ता दिला. अब्बांनी त्यांच्या मिस्टरांचा अर्ज टाईप केला होता, तो पाहिजे त्यांना. लय फोन केले त्यांनी.''

''कोणत्या साली?''

''दोन हजार सहा. बीटीची बोंडं सडली होती, ते साल.''

बोरखेडी नावाची गावं आमच्याकडे किती आहेत हे मोजायचं पोस्टमननंसुद्धा सोडून दिलं आहे. मला मात्र ती बरोबर आठवली, आणि आठवली म्हणजे काय, तर चहा आठवला. तक्रार निवारण समितीची जीप, पाचजण, सोबत मी, मांडीवर कागद. उसाच्या गुऱ्हाळासारख्या वासाचा गुळाचा चहा. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या खरिपात तक्रारींचा पाऊस होता; महागाचं बीटी बियाणं लावलं आणि तरी हिरव्या अळीनं बोंडं पोखरली, अशा तक्रारी. समिती शेतात जाई, पंचवीस झाडं मोजी, बोंडं फोडून पाही आणि परत येई. मोठे साहेब पेन्सिलीनं पाकिटावर आकडे लिहून ते पाकीट माझ्याकडे टाकत आणि म्हणत, ''बाकीचं घ्या तुम्ही.'' बाकीचं म्हणजे अहवाल. आता, दिवसाला चार अहवाल कोण नव्यानं लिहील? कुठल्याही कार्यालयात कुणीही लिहिणार नाही. मागचा अहवाल उघडायचा, वरचं नाव बदलायचं, गाव बदलायचं, गट नंबर बदलायचा, आकडे टाकायचे आणि नव्या नावानं जतन करायचा. साच्यात विटा पाडतात तसं. विटेला कुणी विचारतं का, तू नवीन आहेस का म्हणून? मी ह्यात फार वाकबगार होतो. एक अहवाल अकरा मिनिटांत. मजकूर वाचावा लागत नसे. वाचला तर उलट वेळ जाई. मास्तर म्हणायचे, टायपिस्टच्या डोळ्यातून अक्षर थेट बोटात गेलं पाहिजे, मधे कुठं थांबलं की चूक होते. माझ्या एकतीस वर्षांत मधे कुठं काही थांबलं नाही.

ती बारा वाजता आली. उंच, वाळकी, साठीच्या आसपासची बाई, निळसर नऊवारी, पायांत प्लास्टिकची चप्पल, ती दाराबाहेर काढून भिंतीशी सरळ लावली. बायकोनं पाणी दिलं. तिनं पेला वरून धरून पाणी घेतलं, तोंडाला न लावता, आणि मला उगाच त्या सवयीमागची वर्षं दिसल्यासारखी झाली. ''जय भीम,'' ती म्हणाली. मी हात जोडले. ''लेकीकडे होती जानेफळले, तिथून आली. चारची गाडी हाय वापस.'' तिनं पिशवीतून बियाण्याची रिकामी पुडी काढली, जाड चकचकीत कागदाची, वर ढोल्या बोंडाचं चित्र. तशा रिकाम्या पुड्या आमच्याकडे घरोघर जपून ठेवतात, कारण आम्हीच गावोगाव सांगत फिरायचो: पुडी, टॅग आणि पावती सांभाळा, तक्रारीला लागते. पुडीतून तिनं चारपदरी घडी काढली. आमच्या कार्यालयाचा अहवाल. घड्यांवर अक्षरं झिजून पांढरी झाली होती.

''मले वाचता येते,'' ती म्हणाली. ''हे पाठ हाय मले. 'शेतकऱ्याने समितीसमोर दिलेल्या जबाबानुसार, शेतकऱ्याच्या पत्नीने अनवधानाने बिगर-बीटी बियाणे मुख्य क्षेत्रात लावल्याचे निदर्शनास आले. सबब बियाणे सदोष असल्याची तक्रार ग्राह्य धरता येत नाही.' बरोबर?''

बरोबर होतं. एका कान्याचाही फरक नव्हता. पोटचं पोर गर्दीत खोकलं तर आईबापाला कळतं म्हणतात, तसं मला ते वाक्य कळलं. 'अनवधानाने' हा शब्द आमच्या कार्यालयात फक्त मी वापरत असे. मला त्याचा उगाच अभिमान होता.

''आता माहं म्हननं काय हाय, ते ऐका,'' ती म्हणाली. ''मोठ्या पुडीसंगं ती लहान पुडी येत होती न, साध्या सरकीची? ते चारी धुऱ्यानं, बांधाकडनं लावा, अळी तिकडे जाईन, मधलं पीक वाचीन, असं. लोकं फेकून देत. कोणी न उगवल्या जागचे नांगे भरे त्यानं. म्या नाई फेकली. पुडीवर चित्र होतं, त्या चित्रापरमानं चारी बाजूनं पाच-पाच तासं, ओळी म्हना, लावली. गावात सरकी टोबायची, हातानं दाना दाना लावायची, पहिली पात माही असे, साहेब. बाकीच्या बाया माह्या हातामागं हात टाकत. मी चुकली तं सारं वावर चुकलं, असं होतं ते. आन मंग हा कागद आला. गावात वाचला कोनंतरी मोठ्यानं. तवापासून वेचायले बोलावतात, निंदायले बोलावतात, टोबायले नाई बोलावत. म्हनतात, सिंधूबाई पुड्या बदलवते. हासतात. माह्या सुनेले, सारिकाले, तिलेबी नाई बोलावत. तिनं तं काही केलं नाई. ती तं तवा आमच्या घरीबी नव्हती.''

बायको आत जाता जाता दारातच थांबली होती.

''ते बी जाऊ द्या,'' सिंधूताई म्हणाली. ''मले दुसरं पाह्यजे. ह्याच्यात लिवलं हाय, शेतकऱ्यानं जबाब देल्ला. शेतकरी म्हंजे माहा मालक. किसनराव. त्यानं सांगतलं का साहेब लोकाईले, का माह्या बायकोनं चुकवलं? मी इचारलं नाई त्याले. सात वर्सं जेवन वाढलं, कपडे धुतले, कावीळ झाली तवा उसाचा रस आनून पाजला. हे इचारलं नाई. त्या वावराचा इषय आला का मी उठून जाओ. तोबी काही बोलला नाई. दोन साल झाले, गेला. आता पोरगा, प्रसेनजित, म्हनते, बाबानं फकीरभाईकडून अर्ज केल्ता, मी संगं होतो. त्या अर्जात काय हाय ते मले आयकाचं हाय. त्यानं माहं नाव घेतलं असन तं घेतलं असन. पन मले मालूम पाह्यजे. राग धरून बसली मी, तो बरोबर माणसावर धरला का नाई, येवढंच.''

मी मशीनकडे वळलो. तिच्याकडे पाठ करता आली, याचं मला बरं वाटलं हे कबूल करायला हवं. बोरखेडी. किसनराव सावळे. आत दोन फायली. पहिली तक्रार असणार. दुसरी तीन आठवड्यांनंतरची. दुसरी उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा पसरला, मधे मधे स्वल्पविराम, अर्धविराम, तिरप्या रेघा, जणू कीबोर्डवरून कोंबडी चालत गेली होती.

''इंग्रजीत केल्ता काय त्यानं?'' ती वाकून म्हणाली. ''किसनरावले तं मराठीच धड येत नव्हतं.''

मला कळायला थोडा वेळ लागला. फकीर मोहम्मदच्या काळातली मराठी ही खरी मराठी नव्हती. मशीन आतमध्ये नुसत्या इंग्रजी कळा साठवायचं आणि फॉन्ट त्यांच्या अंगावर मराठी अक्षरांचे कपडे चढवायचा. ते सगळे कपडे शनिवारी मी, सुबत्ता नको म्हणून, पुसून टाकले होते. मजकूर समोर उघडानागडा उभा होता आणि कुणालाही ओळखू येत नव्हता. महनूरला फोन केला; ती वर्गावर होती, दबक्या आवाजात म्हणाली, फॉन्ट तिच्याकडे आहे, उद्या पाठवते. मी सिंधूताईला सांगितलं की उद्या या.

''उद्या नाई येत,'' ती म्हणाली. चिडली नाही. सरकारी कामाला आलेल्या माणसाचा जो शांतपणा असतो, जो मला एकतीस वर्षं समाधान वाटत आला होता, त्या शांतपणानं म्हणाली. ''बसते मी चार वाजेलोक. करा तुम्ही तुमचं काय ते.''

करण्यासारखं काही नव्हतं. मी पडद्याकडे पाहत बसलो आणि बोटं टेबलाच्या काठावर नेहमीसारखी चालायला लागली. एफ, डी, एल, यू, जे, के, ओ. पहिल्या ओळीत हे होतं, आणि बोटं ते वाजवत होती, डावी तर्जनी, डावं मधलं, उजवी अनामिका, आणि सातव्या कळेला माझ्या अंगावर काटा आला, कारण बोटांनी 'किसनराव' लिहिलं होतं. ऱ्हस्व वेलांटी आधी, अक्षर मागून. टाईपरायटरवर शिकलेली माणसंच असं लिहितात. पुठ्ठ्याच्या खोक्याखाली कळा दिसत नव्हत्या तेव्हा आम्ही हेच तर शिकलो होतो, कुठल्या बोटाखाली कुठलं अक्षर आहे. फकीर मोहम्मदच्या बोटांनी जे दाबलं ते माझ्या बोटांनी तसंच दाबायचं, एवढंच होतं. पुढे एफ, एल, ए. सिं. मी डोळे मिटले आणि बायकोला सांगितलं, तू अक्षरं वाच. तिचं इंग्रजी सातवीपर्यंतचं, पण ती एकेक अक्षर वाचायला लागली, तिरप्या रेघेला 'काडी' म्हणायची, स्वल्पविरामाला 'शेपूट', आणि मी टेबलावर दाबत, तोंडानं बोलत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मजकूर उलटा चालला होता, बोटांतून डोक्याकडे. आणि वाटेत प्रत्येक ठिकाणी थांबत होता.

''अर्जदार किसनराव सावळे, राहणार बोरखेडी. मा. समितीच्या अहवालावर हरकत. माझ्या शेतात समिती आली तेव्हा मला काही विचारण्यात आले नाही. मी चहा केला. माझ्या पत्नीने चूक केली असा जबाब मी दिलेला नाही व देणार नाही. माझी पत्नी सिंधू हिने पुडीवरील चित्राप्रमाणे चारी धुऱ्यांनी पाच ओळी साध्या सरकीच्या लावल्या, त्या आज उभ्या आहेत, कोणीही येऊन मोजाव्यात. तीन पुड्यांतील साधी सरकी तीनशे साठ ग्रॅम होते. तेवढ्या सरकीत दोन एकर लावून दाखवणारी बाई समितीने आणावी, मी तिला लुगडे घेईन.''

सिंधूताईच्या तोंडून एक आवाज निघाला. हसण्याचा होता. तो मधेच मोडला.

माझी बोटं थांबली नाहीत. तीनशे साठ ग्रॅमचा हिशेब. पाच सह्या होत्या त्या अहवालावर, दोघे कृषी पदवीधर, एक विद्यापीठाचे. आणि एका एकरालाही न पुरणाऱ्या सरकीत एका बाईनं दोन एकर लावले, हे कुणाला खटकलं नव्हतं. मलाही नाही. मी शेतकऱ्याचाच मुलगा आहे. बायको वाचत होती, ''के, काडी, शेपूट,'' आणि मी बोलत होतो. ''हाच मजकूर, शब्द न् शब्द, हिवरा येथील अहवालात आहे. दोन्ही कागद हा अर्ज टाईप करणाराच्या टेबलावर शेजारी ठेवून मी स्वतः पाहिले. सोबत जोडले आहेत. एका बाईचा दोष दुसरीच्या नावावर लावू नये. माझे नुकसान झाले ते झाले, त्याबद्दल मी पुन्हा येणार नाही. परंतु हे वाक्य कागदावरून काढावे.''

पुढे तारीख होती. बायको थांबली. मला कार्यालयातली एक दुपार आठवली. मी विसरलो नव्हतो, ती नुसती जागा अडवून आत पडून होती. फकीर मोहम्मद रस्ता ओलांडून कधी आत येत नसे. त्या दिवशी आला. माझ्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, वर तळहात ठेवला, पंख्यानं उडू नयेत म्हणून, आणि हळू म्हणाला, ''बाबूजी, एक बार दोनों देख लो. बस पढ़ लो.'' त्याच्या मागं दारात कुणीतरी उभं होतं, टोपी हातात घेतलेलं. मी कागदांकडे पाहिलं नाही. पाहिलं नाही हे खोटं. एक ओळ पाहिली आणि तिथंच डोळे उचलले, कारण मला कळलं होतं. कळणं म्हणजे चौदा-पंधरा अहवाल परत उघडणं, साहेबांना सांगणं, पाच सह्या परत घेणं. मी म्हणालो, ''आवकला टाका, फकीरभाई.'' त्यानं माझ्याकडे पाहिलं, आमच्या मास्तरांनी शिकवलेल्या दोन पोरांपैकी एकानं दुसऱ्याकडे पाहावं तसं, आणि कागद उचलून अर्जासोबत आवकला टाकले. पंधरा दिवसांनी त्या अर्जाला उत्तर गेलं. अर्जात नवीन मुद्दा नसल्यामुळे. तेही मीच टाईप केलं. तीन मिनिटं लागली असतील.

''म्हंजे यानं नाई सांगतलं,'' सिंधूताई म्हणाली.

''नाही.''

''मले लुगडं कधी घेतलं नाई मेल्यानं,'' ती म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसलं, डोळे नाही, तोंड. ''सात वर्सं. एका चटईवर. मले वाटे हा घुम्मा माणूस, पाप केलं म्हनून बोलत नाई. आन त्याले वाटत असन, लढून हारलो, आता काय सांगाव.'' तिनं मांडीवरचा अहवाल उचलला. ''मंग हे कोनं घातलं ह्याच्यात? त्या जाड्या साहेबानं?''

इथे उत्तर सोपं होतं. जाडे साहेब, म्हणजे आमचे मोठे साहेब, वारले होते. समितीचे दोघे बदलून गेले होते. कागदावर पाच सह्या होत्या आणि त्यातली एकही माझी नव्हती. मी 'समितीने' म्हणू शकलो असतो. खरंही ठरलं असतं. बायको माझ्याकडे पाहत नव्हती, पडद्याकडे पाहत होती, पण आता तिथं वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं.

''हे काय हाय कोपऱ्यात?'' सिंधूताईनं विचारलं. तिचं बोट अहवालाच्या डाव्या खालच्या टोकाला होतं. तिथं बारीक अक्षरांत 'टं. ना.' होतं. ''प्रसेनजित म्हने, टंचाई नाई, असं असन.''

''टंकलेखक नारायण,'' मी म्हणालो. ''म्हणजे मी. हे वाक्य मी घातलं.''

तिनं बोट तिथून उचललं नाही, म्हणून मला बोलावं लागलं. ''कुणी सांगितलं नव्हतं घालायला. जुना कागद घ्यायचो, त्याच्यावर नवं नाव टाकायचो. हिवऱ्याचा कागद होता, तुमच्या आधीचा. नाव बदललं, गाव बदललं. हे वाक्य बदलायचं राहिलं. नंतर फकीरभाई सांगायला आले होते. मी ऐकलं नाही.''

''काऊन?''

'अनवधानाने' आला जिभेवर. गिळला. ''काम वाढलं असतं,'' मी म्हणालो.

तिनं मान हलवली. कारण ओळखीचं असल्यासारखी. मला वाटलं होतं ती ओरडेल, आणि ती ओरडली तर माझं काम सोपं होईल, असंही वाटलं होतं. ''लिहून देतो मी,'' मी घाईनं म्हणालो. ''हातानं लिहितो, सही करतो. आत्ता.''

''कागद काय करू मी?'' ती म्हणाली. ''कागदानंच तं झालं. तुम्ही या. मंगळवारी आमच्याकडे बाजार असते, बाया भेटतात. पुढच्या महिन्यात टोबनी हाय. तिथं उभं राहून सांगा तोंडानं, का ह्या बाईनं बरोबर लावलं होतं, मी चुकीचं लिवलं. मी काही बोलनार नाई. मी फकत संगं उभी राहीन. लोकं तुम्हाले काही म्हनतीन, ते आयकून घ्या.''

''येतो.''

''याल न?''

''येतो,'' मी म्हणालो, आणि बायको म्हणाली, ''मीही येते यांच्यासोबत,'' तो मला आधार होता की पहारा, ते कळलं नाही.

सिंधूताई उठली. अहवालाची घडी घातली, पुडीत ठेवली, पुडी पिशवीत. दारापर्यंत गेली, एक चप्पल पायात घातली आणि दुसरी घालता घालता थांबली, भिंतीला हात लावून, एका पायावर.

''साहेब, ते हिवऱ्याच्या बाईचं काय?''

''काय?''

''ते वाक्य माहं नव्हतं, तिचं होतं म्हनता. तिनं तरी खरंच चुकीची पुडी लावली होती का? का तेबी कोन्या दुसऱ्या कागदावरून आलं?''

मी विचार केला. खरोखर केला, हिवऱ्याच्या आधी कोणतं गाव होतं, त्याच्या आधी कोणतं, ते वाक्य माझ्या बोटांत पहिल्यांदा कुठल्या शेतातून शिरलं, की कुठल्याच शेतातून शिरलं नव्हतं. मागं मागं जात राहिलो आणि प्रत्येक कागदावर तेच वाक्य होतं, फक्त वरचं नाव वेगळं. ''माहीत नाही,'' मी म्हणालो. ''आणि शोधायचं म्हटलं तरी कसं शोधणार? नवऱ्याचं नाव मला आठवत नाही. तिचं तर कागदावर टाकलंच नव्हतं. 'शेतकऱ्याची पत्नी' एवढंच असायचं.''

तिनं दुसरी चप्पल घातली.

''नाव नसू द्या,'' ती म्हणाली. ''हिवऱ्याच्या फाट्यावर उतरा आन कोनालेबी इचारा, का तुमच्या गावात सरकी टोबायले कोन्या बाईले बोलावत नाई. लगेच सांगतीन.''